मगदूम-भार

येत्या बुधवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी अभिनंदन मगदूम रत्नदुर्गावरच्या दीपगृहाच्या पायऱ्यांवर कोसळले. डॉ. शबिना मुकादम यांना ही गोष्ट आदल्या शनिवारीच कळली. त्या वेळी मगदूम सर पलीकडच्या खोलीत कोकम सरबताचा दुसरा पेला पीत बसले होते आणि सहाव्या दिवशी विश्रांती घेतल्याने कुणाचं काही बिघडत नाही, हे आपल्या पत्नीला पटवत होते.

मिरकरवाडा बंदराकडे तोंड करून उभ्या असलेल्या या प्रयोगशाळेचं काम जगावेगळं होतं. पाहुण्यांचा आठवडा पाहुण्यांच्या आधी जगून बघायचा. पूर्वी माणसं समुद्रकाठी येत, भजी खात, वाळूत लोळत आणि काळवंडून घरी जात. आता तेवढ्यावर कुणाचं भागेना. सात दिवस सायकल हाणायची, खाडीत होडी वल्हवायची, किल्ले चढायचे, समुद्रात मैलभर पोहायचं आणि परत गेल्यावर त्याचंच पुराण लावून शेजाऱ्यांना सतावायचं, याला लोक सुट्टी म्हणू लागले होते. त्यात साठीपुढची मंडळी सगळ्यांत उत्साही. दर मोसमात त्यांतली दोन-तीन दगावू लागली, तेव्हा शहराने नियम केला. साठी ओलांडलेल्या पाहुण्याने आधी वर्षभर मनगटावर नाडीपट्टा बांधायचा. त्याच्या नोंदींवरून प्रयोगशाळा संगणकात त्या माणसाचा प्रतिदेह उभा करणार. हा प्रतिदेह आखलेला आठवडा आधी जगणार, आणि तो धडधाकट परत आला तरच खऱ्या माणसाच्या हाती सायकल पडणार. या आधी जगलेल्या आठवड्याला इथे पूर्वसप्ताह म्हणत.

"हजारातले किती?" शबिनांनी विचारलं. त्या हृदयाच्या डॉक्टर होत्या आणि पाहुण्यांना नकार कळवण्याचं अप्रिय काम त्यांच्याकडेच असे.

"सहाशे बारा," सुयोग शिवलकर म्हणाला. सहलींची आखणी तो करायचा. "बहुतेक सगळे बुधवारी, दीपगृहापाशी. बाकीचे शनिवारी, पाण्यात."

प्रत्येक पूर्वसप्ताह हजार वेळा चालवला जाई. कधी ऊन जास्त, कधी झोप कमी, कधी वारा उलटा. हजारात पन्नासपर्यंत प्रतिदेह कोसळले तर चालत असे, कारण तेवढा धोका माणूस घरातल्या न्हाणीघरातही पत्करतो. त्यावर गेलं की नकार.

"पण मॅडम, यांचा महिन्यापूर्वीचा कार्डिओग्राम अगदी स्वच्छ आहे," सुयोग म्हणाला. "सांगलीत काढलाय."

"कार्डिओग्राम म्हणजे मिनिटभराची गोष्ट. मिनिटभर कुठलाही देह शहाण्यासारखा वागतो. वर्षभर सोंग आणता येत नाही, म्हणून तर आपण पट्टा वर्षभर बांधायला लावतो." शबिनांनी पडद्यावर एक रेघ दाखवली. "हे गृहस्थ रोज सकाळी एक टेकडी चढतात. वर पोचल्यावर नाडी खाली यायला किती वेळ लागतो ते बघ. मागच्या फेब्रुवारीत दीड मिनिट. पावसाळ्यानंतर सव्वादोन. आता साडेतीन. नाडीला उसंत मिळायला इतका वेळ लागतो याचा अर्थ हृदयालाच रक्त कमी पोचतंय. मुख्य धमनी कुठेतरी आवळत चालली आहे. रोजच्या टेकडीपुरतं भागतं. पण तीन दिवस अंग मोडून घेतल्यावर चौथ्या दिवशी किल्ला चढायचा म्हटलं की संपलं."

"मग नकार कळवू?"

"थांब जरा. मला दुसरंच काहीतरी खटकतंय." शबिना खुर्ची पुढे ओढून बसल्या. "पट्टा प्रत्येक ठोक्याला किती रक्त पुढे जातं तेही मोजतो. त्यावरून हृदयाचा आवाका कळतो. हे हृदय लहान आहे रे. आणि वजन सांगलीच्या दवाखान्यातून नोंदवलेलं, चौऱ्याऐंशी किलो. एवढ्याशा हृदयानं चौऱ्याऐंशी किलो रोज टेकडीवर न्यायचे, हे जमायलाच नको. पण पट्टा म्हणतो, पहिले चार दिवस सोडले तर वर्षभरात एकही खाडा नाही."

"जिद्द असेल," सुयोग म्हणाला.

शबिनांनी काचेपलीकडे पाहिलं. मगदूम सरांनी तिसऱ्या पेल्यासाठी हात पुढे केला होता. जिद्दीचा माणूस असा दिसत नाही, असं त्यांना वाटून गेलं.

मगदूम सर तासगावच्या हायस्कुलात चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले होते. गणितापेक्षा त्यांचं नाव गाजलं ते कॉपी पकडण्यासाठी. बोर्डाच्या परीक्षेत भरारी पथकात ते असले की पोरं मोज्यातल्या चिठ्ठ्या गिळून टाकत. त्यांच्या पत्नी त्रिशला भिलवडीच्या, कृष्णेच्या काठच्या. लहानपणी पुराचं पाणी ओसरायच्या आत नदीत उडी मारणारी मुलगी, अशी त्यांची ख्याती होती. लग्नात सरांनी त्यांना कबूल केलं होतं की एकदा आठवडाभर समुद्रावर जायचं, आणि तू हवं तितकं पोहायचं. त्याला एकतीस वर्षं झाली. एका वर्षी बोर्डाचे पेपर तपासायला आले, एका वर्षी मुलाची बारावी, मग घराचं बांधकाम, मग सासूबाईंचा गुडघा. त्रिशलाबाई एका शब्दाने बोलल्या नाहीत. दरवर्षी नवं कॅलेंडर आलं की फेब्रुवारीचा एक आठवडा त्या पेन्सिलीने फक्त अधोरेखित करायच्या, आणि मार्चमध्ये खोडून टाकायच्या.

या वर्षी रेघ पेनाने ओढली होती. रविवारी सायकलने पावस, सोमवारी भाट्याच्या खाडीत होडी, मंगळवारी आरे-वाऱ्याचा चढ आणि खाली समुद्रस्नान, बुधवारी रत्नदुर्ग आणि दीपगृह, गुरुवारी पाण्याखालचं पोहणं, शुक्रवारी सुयोगच्या मते विश्रांती आणि बाईंच्या मते काहीही पण विश्रांती नको, शनिवारी मांडवीच्या धक्क्यापासून भाट्याच्या वाळूपर्यंत सलग पोहणं. सगळी सहल त्या शनिवारसाठी होती. रात्रीचं जेवण सूर्यास्ताआधी आणि तेही जैन, हे ऐकल्यावर सुयोगने आपल्या यादीतली माशांची सगळी ठिकाणं दुःखी मनाने खोडली होती.

बाई सत्तावन्न वर्षांच्या. त्यांना नियम लागू नव्हता. अडला तर सरांचाच पेपर अडणार होता.

शबिना आणि सुयोग खोलीत आले, समोर बसले. शबिनांनी वाकडं वळण न घेता पूर्वसप्ताहाचा निकाल सांगितला. दीपगृह, सहाशे बारा, आवळलेली धमनी.

बाईंचा चेहरा उतरला. सरांचा मात्र आधी पांढरा पडला आणि मग, शबिनांना नवल वाटलं, हळूहळू पूर्ववत झाला. एवढंच नव्हे, त्यांनी पत्नीकडे बघून एक डोळा किंचित बारीक केला.

"चढताना छातीत जळजळ होते का? जबडा दुखतो?" शबिनांनी विचारलं.

"अजिबात नाही," सर म्हणाले.

"पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये काही?"

"छे. मी ठणठणीत आहे हो. तुमच्या पट्ट्यातच काहीतरी बिघाड असणार."

"असू शकतो. म्हणूनच विचारतेय." शबिनांनी हातातला कागद वाचला. "टेकडीच्या शेवटच्या वळणावर तुम्ही रोज थांबता. पावसाळ्यापर्यंत कधीच थांबत नव्हता. दिवाळीनंतर एकदा थांबायला लागलात. आता तीनदा. का थांबता?"

त्या टेकडीचं शेवटचं वळण नेमकं कुठे आहे, हेच सरांना ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षभरात ते टेकडीवर एकदाही गेले नव्हते.

घडलं होतं ते अगदी साधं. पट्टा बांधला त्याच्या चौथ्या दिवशी सरांच्या मनगटावर घामोळं उठलं. शिवाय पट्टा रोज आठ हजार पावलं मागायचा आणि पावलं कमी पडली की जेवताना गुरगुरायचा. त्रिशलाबाई तशाही रोज पहाटे टेकडीवरच्या बस्तीत, म्हणजे जैन देवळात, दर्शनाला जात. एका सकाळी त्या म्हणाल्या, "द्या हिकडं. मी चालतीयच की. तुमच्यापायी शनिवार बुडायला नको." तेव्हापासून पट्टा रात्रंदिवस त्यांच्या हातात होता, बांगड्यांच्या मागे. मोज्यातून चिठ्ठ्या काढणाऱ्या मगदूम सरांनी आयुष्यात पहिल्यांदा कॉपी केली होती, आणि तीही घरात बसून.

म्हणून तर निकाल ऐकताना क्षणभर धसकलेले सर लगेच सावरले होते. कोसळलेला माणूस आपण नव्हतोच. केवढं हायसं वाटलं होतं त्यांना. पट्टा बिघडलाय असं सांगायचं, नवी तपासणी करून घ्यायची, आणि उद्या पावसच्या रस्त्याला लागायचं, इथपर्यंत त्यांचं गणित झालं होतं. त्या गणितात एक पायरी गाळली गेली होती, ती आत्ता त्यांच्या ध्यानात आली. आपण नव्हतो. मग कोण होतं?

जळजळ. दिवाळीपासून ती सकाळी टेकडीवरून आली की आमसुलाचं पाणी पीत होती. पित्त झालंय, म्हणायची. परवा एसटीत तिने जबड्याला हात लावून दाढ दुखतीय म्हटलं होतं, आणि आपण म्हणालो होतो, आल्यावर दातांच्या डॉक्टरकडे जाऊ. संक्रांतीला पाण्याची कळशी उचलताना ती भिंतीला टेकून उभी राहिली होती. आपण पेपर वाचत होतो.

सरांनी हातातला पेला टेबलावर ठेवला.

"मॅडम," ते म्हणाले, "तो पट्टा..."

"अहो," त्रिशलाबाई एकदम म्हणाल्या. त्यांच्याही ध्यानात आलं होतं, आणि त्यांच्या आवाजात सगळा शनिवार होता. "उगं काय तरी बोलू नका. पट्टा बिघडलाय म्हणताय ना, तेच म्हणा."

"त्रिशला, ऐक."

"मला काय धाड भरलीय? पित्त हाय ते. एकतीस वर्षं थांबले मी. आठ दिवसांनी बघू काय बघायचं ते."

सरांच्या समोर दोन परकी माणसं होती, चौतीस वर्षांची अब्रू होती, आणि एकतीस वर्षांनी निघालेली बायको होती. मग पेपरातला प्रश्न वाचून दाखवावा तसं ते सावकाश म्हणाले, "वर्षभर पट्टा माझ्या हातात नव्हता. हिच्या हातात होता. मी कॉपी केली."

शबिना उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी त्रिशलाबाईंच्या डाव्या हातातल्या बांगड्या हळूच वर सारल्या. खाली, उन्हात न रापलेल्या कातडीचा बोटभर रुंदीचा गोरा पट्टा होता. लहान हृदय आणि एकही खाडा न करता चढलेली टेकडी, दोन्हींचा उलगडा झाला.

"बाई, आपण आता वरच्या रुग्णालयात जाऊ," त्या म्हणाल्या. "चालत नाही. गाडीनं."

"आणि माझा शनिवार?"

"तो मी तुम्हाला देणार आहे. यंदाचा नाही देता येणार."

बाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की सुयोगने नजर खिडकीबाहेर वळवली. बंदरात होड्या मासे उतरवत होत्या. गाडीत बसेपर्यंत बाई सरांशी एक शब्द बोलल्या नाहीत.

दुपारी दोन वाजता तपासणी झाली. हृदयाला रक्त पुरवणारी डाव्या बाजूची मुख्य धमनी शंभरात सत्त्याऐंशी भाग बंद होती. साडेतीन वाजता स्टेंट घालायला घेतला. सर बाहेरच्या बाकावर बसले होते. सुयोग त्यांच्या शेजारी येऊन बसला, कारण त्याला परत प्रयोगशाळेत जाववेना.

"पोरं काय काय करायची," सर एकाएकी म्हणाले. "बाहीत चिठ्ठी, पट्टीच्या मागं सूत्रं. मी पकडायचो आणि विचारायचो, लाज वाटत नाही? एकानं तरी म्हणायचं होतं मला, सर, तुमच्यावर वेळ आली म्हणजे कळेल."

"सर, तुम्ही आज बोललात."

"आज बोललो. पण वर्षभर ती थांबत थांबत टेकडी चढत होती आणि मी घरी चहा पीत होतो." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तो तसाच हातात धरून ठेवला. त्यांना रडू येत होतं आणि एका अनोळखी माणसासमोर रडण्याची त्यांना सवय नव्हती. सुयोगने त्यांच्या हातून चष्मा घेतला आणि आपल्या खिशात ठेवला, म्हणजे मग त्यांना मोकळेपणाने रडता आलं.

पावणेपाचला शबिना बाहेर आल्या. मुखपट्टी काढण्याआधीच त्यांचे डोळे हसत होते. "झालं. रक्त धो धो चाललंय. बाईंनी आत विचारलं, आता तरी शुक्रवारची विश्रांती काढून टाकाल का."

सर उठून उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात जोडले, शबिनांना की आणखी कुणाला हे त्यांनाही सांगता आलं नसतं, आणि मग भूक लागल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

सोमवारी सकाळी शबिना वॉर्डात आल्या तेव्हा त्रिशलाबाई उशीला टेकून पेज पीत होत्या आणि सरांशी बोलत होत्या. म्हणजे सर काय काय विसरले ते सांगत होत्या. शबिना स्टूल ओढून बसल्या. दोन रात्रींची झोप राहिल्यासारख्या दिसत होत्या.

"एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी," त्या म्हणाल्या. "पूर्वसप्ताह चालवताना आम्ही बाईंच्या हृदयावर सरांचं वजन घातलं होतं. नकळत. हृदय चोपन्न किलोंच्या बाईचं आणि देह चौऱ्याऐंशी किलोंच्या सरांचा."

"म्हणजे तीस किलोंचं ओझं घेऊन किल्ला चढवला," सर म्हणाले.

"तेच. म्हणून काल मी बाईंचा खरा प्रतिदेह केला. स्टेंटच्या आधीचा, त्यांच्याच वजनाचा. आणि तोच आठवडा पुन्हा हजार वेळा चालवला. एकतीस कोसळले."

सरांचं गणित पक्कं होतं. "मर्यादा पन्नासची आहे."

"हो. बाई पास झाल्या असत्या. नियम त्यांना लागू असता, त्यांनी स्वतःच्या नावाने प्रामाणिकपणे पट्टा बांधला असता, तर मी शनिवारी सहीशिक्क्यानिशी त्यांना प्रमाणपत्र दिलं असतं. बहुतेक त्या मांडवीपासून भाट्यापर्यंत पोहूनही गेल्या असत्या. मग मी तोच प्रतिदेह आठवड्यावर न थांबवता पुढे चालवला. तासगाव, टेकडी, कळशी, नेहमीचं सगळं. हजारातल्या सातशे नव्वदांनी दिवाळी पाहिली नाही."

बाईंनी पेजेची वाटी खाली ठेवली.

"म्हणजे यंत्र खरं सांगत होतं," सर म्हणाले. "पण प्रश्नच अर्धा विचारला होता."

"आम्ही फक्त विचारत होतो, हा माणूस हा आठवडा काढेल का? मोडायला आलेली वस्तूसुद्धा आठवडाभर टिकते. ती किती मोडायला आली आहे हे बघायचं तर जास्त भार घालून बघायला हवं, हे पूल बांधणाऱ्या कुणालाही कळतं. आम्हाला नाही कळलं. तुमच्या लबाडीने तो भार चुकून घातला गेला. आजपासून आम्ही प्रत्येक प्रतिदेहावर तीस किलो जादा घालून एक फेरी करणार आहोत. वयाची अटही काढायला सांगितली आहे. सुयोगने यंत्रात त्या फेरीला नाव देऊन टाकलंय. मगदूम-भार."

"कॉपी करणाऱ्याचं नाव चाचणीला?" सर कळवळून म्हणाले.

"राहू दे की," त्रिशलाबाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं मी उचलतीय, यंत्रानं एकदा उचललं तर काय होतंय."

सर हसले. इतका वेळ त्यांनी हसणं रोखून धरलं होतं, ते असं सांडलं की पलीकडच्या खाटेवरच्या आजी उठून बसल्या.

पुढच्या फेब्रुवारीत दोघं पुन्हा आले. या वेळी दोघांच्या हातात पट्टे होते. शबिनांनी सरांच्या नोंदी उघडण्याआधी त्यांचं मनगट मागितलं. पट्ट्याखाली वर्षभराच्या घामोळ्याचे लाल चट्टे एकाशेजारी एक बसले होते, काही जुने, काही ताजे.

"उत्तरपत्रिका अस्सल आहे," शबिना म्हणाल्या.

बाईंच्या प्रतिदेहाने मगदूम-भारासकट आठवडा पार केला. हजारातले सहा कोसळले. सरांचा एकही कोसळला नाही. मात्र हजारच्या हजार वेळा तो बुधवारी दीपगृहाच्या चाळिसाव्या पायरीवर खाली बसला आणि उठला नाही. सुयोगने आखणी बदलली. सरांना दीपगृह खालून आणि शनिवार होडीतून. बाईंना सगळं. शुक्रवारची विश्रांती या खेपेला सरांनीच मागून घेतली.

आठवडा तसाच गेला. सर पावसपर्यंत सायकल चालवत गेले आणि परत येताना टेम्पोत बसले. बुधवारी ते खाली उभे राहिले आणि दीपगृहाच्या गच्चीवरून एक हिरवी ओढणी हललेली त्यांना दिसली. त्यांनी वर बघून हात हलवला आणि मान दुखेपर्यंत तो खाली घेतला नाही.

रविवारी निघण्याआधी पट्टे परत करायला ते प्रयोगशाळेत आले. त्रिशलाबाई बाहेर सुयोगला भिलवडीच्या पुरात पोहण्याच्या गोष्टी सांगत होत्या. शबिनांनी सरांचा आठवडा पडद्यावर उघडला, पूर्वसप्ताहाशी ताडून पाहिला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"सर, बसा जरा." त्यांचा आवाज कोरडा होता. "शनिवारी सकाळी सात ते आठ तुम्ही कुठे होता?"

"होडीत. हिच्या मागं मागं. नाखवा होता सोबत, त्याला विचारा."

"बसून?"

"बसून."

"पूर्वसप्ताहात त्या तासाला तुमची नाडी चौऱ्याहत्तर होती. पट्टा सांगतो एकशे अठरा, जवळजवळ सलग. बसलेल्या माणसाची नाडी एकशे अठरा होत नाही. पोहणाऱ्याची होते." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "खरं सांगा, पट्टा कुणाच्या हातात होता?"

सरांनी बाही मागे सारली आणि लाल मनगट टेबलावर ठेवलं.

"माझ्याच," ते म्हणाले. "पण ती पाण्यात होती."

शबिना पडद्याकडे वळल्या. प्रतिदेहाला त्यांनी वारा सांगितला होता, भरती सांगितली होती, ऊन सांगितलं होतं. समोर पाण्यात कोण पोहतंय ते सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्या रेघेवरून बोट फिरवत गेल्या. सात वाजून बावन्न मिनिटांनी नाडी एकदम खाली आली होती आणि सत्तरावर जाऊन शांत बसली होती.

"आणि हे? बावन्न मिनिटांनी काय झालं?"

"तेव्हा तिचे पाय वाळूला लागले," सर म्हणाले आणि पट्टा सोडायला लागले.